‘इररेलेव्हंट’ : पण कशाशी?

‘इररेलेव्हंट’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ थोडक्यात सांगायचा तर ‘चालू विषयाशी संबंध नसलेले’. अर्थ सोपा आहे, शब्दही आता मराठी बोलण्यात रुळला आहे. अमरावतीच्या कॉलेजात, अकोल्याच्या कचेरीत, टीव्हीवरच्या चर्चेत तो रोज कानी पडतो. मात्र रुळता रुळता त्याचा एक मोठा भाग गळून पडला. ‘फालतू’, ‘बिनकामाचे’, ‘टाकाऊ’ या अर्थाने तो सर्रास वापरला जातो, आणि इथेच घोटाळा होतो. लाल, जड, गोड ही विशेषणे वस्तूच्या अंगच्या गुणाबद्दल बोलतात. लाल मिरची बाजारात लाल असते, घरी आणली तरी लालच राहते. ‘इररेलेव्हंट’ वस्तूच्या अंगचे काहीच सांगत नाही. ते दोन गोष्टींमधल्या नात्याबद्दल, खरे म्हणजे नाते नसण्याबद्दल, बोलते. म्हणून कोणतीही गोष्ट नुसती इररेलेव्हंट नसते. ती कशाच्या तरी बाबतीत इररेलेव्हंट असते.

शाळेतल्या गणितात हे लगेच दिसते. अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत ४० प्रवासी आहेत, बसचा वेग ताशी ५० किलोमीटर आहे आणि अंतर १०० किलोमीटर धरले आहे; तर बस किती तासांत पोहोचेल? उत्तर दोन तास. ४० हा आकडा इथे कामाचा नाही, आणि तो मुद्दामच घातलेला असतो, कारण मुलाने आकडा दिसला की गुणाकार करायचा नाही, आधी प्रश्न वाचायचा, हे त्याला शिकवायचे असते. त्याच गणितात पुढे ‘एका तिकिटाला अमुक रुपये, तर या फेरीचे उत्पन्न किती?’ असे विचारले की ४० हा आकडा सर्वांत महत्त्वाचा ठरतो आणि वेग बाजूला पडतो. बदलला तो फक्त प्रश्न.

शब्दाच्या मुळाशीही हेच आहे. लॅटिनमध्ये ‘रेलेव्हारे’ म्हणजे उचलून धरणे, भार हलका करणे. मराठीत सुटका किंवा दिलासा या अर्थाने वापरला जाणारा ‘रिलीफ’ त्याच घराण्यातला. उचलून धरणारे, हातभार लावणारे, ते ‘रेलेव्हंट’. सोळाव्या शतकात स्कॉटलंडच्या न्यायालयी भाषेत हा शब्द ‘दाव्याला कायद्याने आधार देणारे’ अशा अर्थाने वापरात होता आणि तिथून तो सर्वसाधारण इंग्रजीत पसरला. सुरुवातीचा ‘इर’ हा नकाराचा. मूळ उपसर्ग ‘इन’ आहे. पुढे ‘र’ आला की त्याचा ‘इर’ होतो, जसे ‘इरेग्युलर’मध्ये, आणि ‘म’ आला की ‘इम’ होतो, जसे ‘इममटेरियल’मध्ये. संधीचे हे नियम संस्कृत-मराठी शिकलेल्याला परके वाटायचे कारण नाही. घाईत ल आणि व यांची जागा बदलून ‘इर्रेव्हलंट’ म्हणण्याची चूक खुद्द इंग्रजी बोलणारेही करतात. ‘इरेव्हरंट’ हा मात्र अगदी वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ आदर न ठेवणारा.

या शब्दाचे शेजारी पाहिले की त्याची हद्द कळते. ‘इममटेरियल’ म्हणजे संबंध असेलही, पण निकालावर फरक पाडणारे नाही असे. ‘एक्स्ट्रेनियस’ म्हणजे बाहेरून येऊन चिकटलेले. आणि ‘इम्पर्टिनंट’! या शब्दाचा जुना अर्थ ‘विषयाला सोडून असलेले’ असाच होता. पुढे विषय सोडून बोलणारा तो उद्धट, अशा वाटेने आज त्याचा अर्थ उर्मट होऊन बसला. मराठीत ‘आगाऊ’ या शब्दाने जवळजवळ असाच प्रवास केला आहे. आगाऊ रक्कम म्हणजे वेळेआधी दिलेली, आणि आगाऊ पोरगा म्हणजे वेळ नसताना तोंड घालणारा.

मराठीत या एका इंग्रजी शब्दासाठी एकच शब्द नाही, आणि ही उणीव समजू नये. संबंध वेगवेगळ्या ठिकाणी तुटतो आणि मराठी त्या प्रत्येक जागेला वेगळे नाव देते. ‘अप्रस्तुत’ म्हणजे प्रसंगाला धरून नसलेले. लग्नाच्या पंगतीत जुन्या भांडणाचा विषय काढणे अप्रस्तुत, मग भांडण खरे का असेना. ‘असंबद्ध’ म्हणजे मागच्याला पुढचे न जुळणारे. तापाच्या भरातले बोलणे असंबद्ध असते. ‘गैरलागू’ हा नियमांचा शब्द: नियम बरोबर आहे, पण या माणसाला, या प्रकरणाला तो लागत नाही. ‘अवांतर’ मात्र निंदा करत नाही. मुख्य वाटेच्या बाजूचे, वाचले तर चांगलेच, एवढेच ते सांगते, म्हणून ‘अवांतर वाचन’ ही शिक्षकांनी दिलेली शिफारस असते. ‘विषयांतर’ बोलणाऱ्याच्या हातून घडते. ‘पाल्हाळ’ आणि ‘चऱ्हाट’ यांत संबंध असतो, पण प्रमाण सुटलेले असते. दोराला पीळ देत जावा तसे बोलणे लांबत जाते. इंग्रजी शब्द या सगळ्यांवर एकच शिक्का मारतो. ‘तुमचा मुद्दा इररेलेव्हंट आहे’ असे म्हणणाऱ्याला ‘गैरलागू’ म्हणायचे आहे की ‘अप्रस्तुत’, हे त्याला स्वतःलाही पुष्कळदा ठरवावे लागत नाही. मराठी शब्द निवडायला बसले की ते ठरवावे लागते, आणि तेवढा विचार स्वच्छ होतो.

वऱ्हाडी बोलीत तर यासाठी शब्दापेक्षा वाक्येच जास्त चालतात. ‘कायच्या काय बोलू रायला’, ‘त्याचा अन् याचा काय संबंध?’, ‘ते सोड, मुद्याचं सांग’. यातले दुसरे वाक्य ‘इररेलेव्हंट’चे सर्वांत अचूक भाषांतर मानायला हरकत नाही, कारण त्यात दोन्ही टोके आहेत: त्याचा आणि याचा. ओढूनताणून जुळवलेल्या नात्याला मराठीत ‘बादरायण संबंध’ म्हणतात. तुमच्या अंगणात बोरीचे झाड आणि आमच्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे, म्हणून आपण नातेवाईक, असा दावा सांगणाऱ्या पाहुण्याची गोष्ट त्यामागे आहे. बदरी म्हणजे बोर. दोन्हीकडे बोर आहे हे खरेच आहे. पण त्याने नाते सिद्ध होत नाही. खरे असणे आणि संबंध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा वाक्प्रचार सापडणे कठीण.

भारतीय तर्कशास्त्राने तर विषय सोडणे हा वादातला पराभवच मानला. न्यायसूत्रांत वादी हरला असे कधी समजावे याची बावीस कारणे आहेत, त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांपैकी एक ‘अर्थान्तर’. वात्स्यायनाच्या भाष्यातले त्याचे उदाहरण वाचण्यासारखे आहे. शब्द नित्य आहे असे एकजण मांडतो आणि त्याला हेतू देतो. मग हेतू टिकत नाही असे दिसताच ‘हेतु’ हा शब्द कोणत्या धातूपासून, कोणत्या प्रत्ययाने झाला, याची व्याकरणचर्चा सुरू करतो. व्याकरण चुकीचे नाही, पण चालू वादाला त्याचा आधार नाही. गरजेपेक्षा जास्त हेतू देणे, तेच पुन्हा सांगणे, अर्थ नसलेले बोलणे यांना तिथे वेगळी नावे आहेत. सगळे एका टोपलीत टाकलेले नाही.

‘इररेलेव्हंट’ या शब्दाला सर्वांत कडक शिस्त मात्र न्यायालयात आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला भारतीय पुरावा कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली, पण संबद्धतेचा सांगाडा तोच राहिला. जुन्या कायद्याचे कलम ५ आणि नव्याचे कलम ३ एकच गोष्ट सांगतात: वादातली तथ्ये आणि कायद्याने संबद्ध ठरवलेली तथ्ये, एवढ्यांचाच पुरावा देता येतो, इतर कशाचाही नाही. कायद्याच्या मराठीत ‘रेलेव्हंट’ला ‘संबद्ध’ म्हणतात. शब्द जड आहे, पण नेमका आहे. कशाशी संबद्ध, हे त्यात आपोआप विचारले जाते.

एरवी असंबद्ध असलेले तथ्य संबद्ध कधी होते, यासाठीही कायद्यात स्वतंत्र कलम आहे. जुन्या कायद्यातले उदाहरण असे: एका माणसाने कलकत्त्यात गुन्हा केला का, हा प्रश्न असेल तर त्या दिवशी तो लाहोरात होता हे तथ्य संबद्ध आहे. लाहोरात तो काय करत होता, कोणाकडे जेवला, याच्याशी गुन्ह्याचा काही संबंध नाही. पण एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, म्हणून ते जेवणसुद्धा पुराव्यात येते. नव्या कायद्यात कलकत्ता-लाहोरच्या जागी चेन्नई आणि लडाख आले आहेत.

वऱ्हाडात याचा सर्वांत ओळखीचा अनुभव शेतरस्त्याच्या भांडणात येतो. वऱ्हाडात शेताला ‘वावर’ म्हणतात आणि दोन वावरांमधल्या बांधाला ‘धुरा’. समजा, एका शेतकऱ्याचे वावर आत आहे आणि पुढच्या वावराच्या मालकाने धुऱ्यावरून जायला मनाई केली. पेरणी तोंडावर आहे, बैलगाडी नेता येत नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. तो तहसील कचेरीत जातो. तिथे त्याच्यापुढे दोन वाटा असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ हद्दीवरून नवा रस्ता मागण्यासाठी आहे. त्यात तहसीलदाराने शेतकऱ्याला आपल्या शेतापर्यंत पोहोचण्याची वाजवी गरज पाहायची असते. म्हणून ‘साहेब, दुसरा रस्ताच नाही’ हे त्याचे म्हणणे थेट मुद्द्याचे ठरते. दुसरी वाट १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याची. तिथे प्रश्न वेगळा: वहिवाटीचा रस्ता आधीपासून होता का, तो अडवला का, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला का? इथे गरज कितीही खरी असली तरी एकट्या गरजेवर अर्ज टिकत नाही, आणि अडवल्याची तारीख, जिला आधीच्या कलमात फारशी किंमत नव्हती, तीच सगळे ठरवते.

एकच माणूस, एकच धुरा, एकच तक्रार. कलम बदलले की कोणते वाक्य उपयोगाचे आणि कोणते नाही हे उलटेपालटे होते. अर्जदार मात्र दोन्हीकडे तीच कहाणी सांगतो: आजोबांच्या वेळचा समझोता, भावकीतली वाटणी, गेल्या साली झालेली बाचाबाची, पोराचे शिक्षण. समोरून ‘हे इररेलेव्हंट आहे’ असे ऐकू आले की आपल्या दुःखालाच किंमत नाही असे त्याला वाटते. ते खरे नसते. त्या कलमापुरते ते वाक्य कामाचे नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. आणि हा अर्थ त्याच्या भाषेत त्याला सांगणे हे वकिलाचे आणि कचेरीचे कर्तव्य आहे. ‘हे या अर्जात लागत नाही, त्या अर्जात लागेल’ असे म्हटले तर माणूस अपमान होऊन परतत नाही, पुढे काय करायचे ते घेऊन परततो. सातबाराचेही असेच. सातबारा आणि फेरफार हे महसुलाच्या कामी खरे मानले जाणारे कागद. पण जमिनीची मालकी कोणाची, या दिवाणी वादात एकट्या त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. कागद खोटा ठरत नाही, त्याचे वजन प्रश्नागणिक बदलते.

काय असंबद्ध मानायचे हे ठरवण्यात समाजाचा न्यायही दिसतो. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला विदर्भाने आणि पुढे देशाने पाहिला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडताना तिच्या आधीच्या शरीरसंबंधांचा आधार घेतला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तरीही पीडितेचे चारित्र्य काढून तिची साक्ष कमकुवत करण्याची मुभा देणारे पोटकलम २००३ पर्यंत पुरावा कायद्यात होते. २०१३ मध्ये कलम ५३अ आले आणि संमतीच्या प्रश्नावर स्त्रीचे चारित्र्य किंवा आधीचा शरीरसंबंध संबद्ध नाही, असे कायद्याने स्पष्ट लिहिले. नव्या अधिनियमात ते कलम ४८ आहे. ‘संबद्ध नाही’ हे दोन शब्द पुस्तकात उतरायला त्या घटनेनंतर एक्केचाळीस वर्षे लागली. तोवर तिच्यासारख्या कित्येकींना न्यायालयात उभे राहून त्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली.

खटल्यात ‘ऑब्जेक्शन, इररेलेव्हंट’ ही हरकत वकील घेतात तेव्हा ती दर वेळी तिथल्या तिथे निकालात निघतेच असे नाही. प्रत्येक हरकतीवर वाद ऐकत बसले तर साक्षीदार दिवसभर पिंजऱ्यात उभा राहतो, म्हणून २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरकत नोंदवून पुढे जाण्याची पद्धत सुचवली. त्यातून नको तो मजकूर कागदावर साठू लागला, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने हरकतींचा निर्णय साक्ष चालू असतानाच, नाहीतर ती संपताना द्यावा, असे सांगितले. एका व्यक्तीला मात्र या शिस्तीतून कायद्यानेच सूट दिली आहे, ती म्हणजे न्यायाधीश. सत्य शोधण्यासाठी ते संबद्ध असो की असंबद्ध, कोणत्याही तथ्याबद्दल कोणालाही प्रश्न विचारू शकतात. अट अशी की निकाल संबद्ध आणि रीतसर सिद्ध झालेल्या तथ्यांवरच उभा राहिला पाहिजे. विचारताना दार उघडे, ठरवताना बंद. कोणता धागा कुठे जाऊन मिळेल हे आधी कळत नाही, याची ही कायद्याने दिलेली कबुलीच आहे.

बाजारातही हा शब्द न उच्चारता त्याचाच व्यवहार चालतो. अकोटच्या बाजारात भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर कापूस आला की ग्रेडर गाडीत हात घालून सरकी-रुई पाहतो, ओलावा मोजतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर हमीभाव पूर्ण, १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याच्यावर गेला तर कापूस परत. गाडी किती कोसांवरून आली, वेचणीला किती मजुरी गेली, रात्र बाजारात काढावी लागली का, यांतले काहीच मीटरवर उमटत नाही. प्रतवारीच्या प्रश्नाला ते गैरलागू आहे. शेती परवडते का, या प्रश्नाला मात्र त्यांपैकी प्रत्येक आकडा लागू आहे, आणि पहिल्या प्रश्नातली चौकट दुसऱ्या प्रश्नावर लादली की शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा मांडला जातो.

अलीकडे हे विशेषण माणसांनाही लावतात. ‘तो नेता आता इररेलेव्हंट झाला’, ‘म्हातारे लोक इररेलेव्हंट होतात’. इंग्रजीतही हा वापर आहे आणि तिथे अर्थ ‘ज्याचा आता प्रभाव उरला नाही’ असा होतो. मराठीत त्याला ‘कालबाह्य’, ‘बाजूला पडलेला’ असे म्हणता येते. माणसाबद्दल बोलताना ‘कशाशी’ हे टोक सोडून देणे सर्वांत जास्त बोचते, कारण राजकारणापुरता प्रभाव गेलेला माणूस आपल्या गावापुरता, घरापुरता तसाच असतो. इंग्रजीत या विशेषणापुढे ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय येते आणि मग नात्याचे दुसरे टोक. मराठीत ते काम ‘शी’ आणि ‘ला’ करतात: ‘या प्रश्नाशी संबंध नाही’, ‘या प्रकरणाला लागू नाही’. लिहिताना हे टोक भरले की शब्द योग्य जागी बसतो.

काव्यात मात्र अप्रस्तुताला मानाचे स्थान आहे. संस्कृत अलंकारशास्त्रात ‘अप्रस्तुतप्रशंसा’ नावाचा अलंकारच आहे: जे समोर नाही त्याचे वर्णन करायचे आणि त्यातून जे समोर आहे ते सुचवायचे. शाळेच्या व्याकरणात मुले तिला ‘अन्योक्ती’ म्हणून शिकतात. कवी हंसाशी बोलतो, आणि ऐकणाऱ्या माणसाला ते आपल्यासाठी आहे हे कळते.

काय टाकावे आणि काय राखावे, याचा मराठीतला एक जुना, मोठा निर्णय अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरशी जोडलेला आहे. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे हे गाव महानुभाव पंथाचे तीर्थ. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच स्थापन झाले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात स्वामींची वचने आहेतच, पण ती कुठे, कोणाशी, कशावरून निघाली, त्या वेळी कोण काय खात होते, कोण रुसले होते, हेही आहे. पुढे केसोबासांनी त्यातून वचने तेवढी निवडून ‘सूत्रपाठ’ केला. तत्त्वज्ञानाला लागते ते ठेवले, प्रसंग गाळला. मग अडचण आली: प्रसंग नसलेल्या सूत्राचा नेमका अर्थ लागेना. म्हणून प्रत्येक सूत्र कोणत्या प्रसंगाने निघाले हे सांगणारी ‘प्रकरणवश’ नावाची रचना पंथाच्या अभ्यासकांनी केली. गाळलेला प्रसंग अर्थासाठी परत आणावा लागला. याच परंपरेतली ‘स्थानपोथी’ स्वामी कुठे राहिले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, अशा बारीक नोंदी ठेवते. मोक्षाच्या विचाराला देवळाच्या दाराची दिशा लागत नाही. भक्तासाठी ती नोंद वंदनाची जागा शोधण्यापुरती होती. आज यादवकाळातली गावे आणि नाहीशी झालेली देवळे शोधणारे संशोधक हीच पोथी हातात घेऊन वऱ्हाडातली ठिकाणे पडताळतात.